गाडीचं यंत्र की खिशातलं?

रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायचं ठरलं की आधी तुलनेचे तक्ते उघडले जातात: पडदा किती इंची, मेमरी किती, आवाज किती भाषांत. त्या तक्त्यांवरून निवड करू नये असं आमचं मत आहे. आमची पद्धत थोडी कटकटीची आहे. गाडीसाठीच बनवलेला नेव्हिगेटर आणि खिशातला हरकाम्या मोबाइल, दोन्ही कुणाकडून तरी मागून आणायचे, एकाच काचेवर शेजारी शेजारी लावायचे आणि आठवडाभर पाठ असलेल्या रस्त्यांवर चालवायचे. अनोळखी रस्त्यावर चाचणी घेऊन उपयोग नाही. तिथे यंत्र चुकलं तरी कळत नाही, ते सांगेल तेच खरं वाटतं.

आठवड्यात शोधायचं एकच: हे यंत्र गाडीचं होऊन राहणार आहे की माणसाचं? वीज, ऊन, नकाशे, चोरी, सगळे प्रश्न शेवटी इथेच येतात.

पहिल्या सकाळी गाडी हलवायच्या आधी दोन्ही चालू करा आणि घड्याळाकडे बघा. मोबाइल काही सेकंदांत ठिपका दाखवतो. जुना नेव्हिगेटर अर्धा मिनिट तरी घेतो, कधी दोन-तीन मिनिटं. यात त्याचा काही दोष नाही. प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगत असतो. ती ऐकायला १८ सेकंद लागतात आणि दर ३० सेकंदांनी ती पुन्हा सांगितली जाते. मोबाइल हीच माहिती नेटवर्कवरून उचलतो, नेव्हिगेटरला ती आकाशातूनच ऐकावी लागते. मध्येच गाडी इमारतींच्या आड गेली की ऐकलेलं अर्धवट राहतं आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. म्हणून नेव्हिगेटर लावल्यावर मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर थांबून मग निघायचं. ही माहिती साधारण चार तास चालते, त्यामुळे जेवायला थांबून पुन्हा निघताना तो लगेच जागा होतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा रेंगाळतो. अलीकडचे नेव्हिगेटर पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज आधीच बांधून ठेवतात, त्यामुळे हा फरक पुष्कळ कमी झालाय. पण यंत्र कित्येक महिने कपाटात पडून असेल, तर सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक नव्याने गोळा करायला साडेबारा मिनिटं लागतात. ते काम आदल्या दिवशी गच्चीवर उरकून घ्यावं.

जुना नेव्हिगेटर घेत असाल तर नकाशाच्या आधी तारीख बघा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा आकडा १० बिटांचा आहे, त्यामुळे १०२४ आठवडे झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री तो आला. ज्या यंत्रांचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, त्यासाठी तयार नव्हतं, ती जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागली. अशी यंत्रं जागा बहुधा बरोबर दाखवतात, पण दिवस-रात्रीचे रंग आणि ठरावीक वारी बंद असणारे रस्ते यांचा घोळ होतो. नवं फर्मवेअर मिळत नसेल तर ते यंत्र सोडून द्यावं.

आता काच. सक्शन कप लावायची जागा आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि काचेच्या कडेचे काळे ठिपके टाळा. त्या खडबडीत भागावर हवा आत शिरते. थंडीत सकाळी रबर कडक होतं आणि होल्डर वळणावर मांडीवर येऊन पडतो. कप दोन्ही तळहातांत धरून जरा गरम केला की पुन्हा चिकटतो. डॅशबोर्डवर चिकटवायची चकती लावलीत तर तिच्यावर २४ तास काही टांगू नका. एअरबॅग उघडण्याच्या वाटेत काही बसवू नका, तिथे बसवलेलं यंत्र तोंडावर फेकलं जातं.

मोबाइलच्या होल्डरची दुखणी वेगळी. बाजूचे चिमटे नेमके आवाजाच्या नाहीतर बंद करायच्या बटणावर येतात आणि खड्ड्यात पडदा काळा होतो. घेण्याआधी तुमचा मोबाइल त्यात कव्हरसकट बसवून बघा. एसीच्या जाळीला अडकवायचा होल्डर उन्हाळ्यात उत्तम, मोबाइल गार राहतो. हिवाळ्यात हीटर चालू केला की तोच होल्डर मोबाइल भाजून काढतो; मग ती एक जाळी बंद ठेवावी लागते.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेत ऊन अडवायला किंवा धुकं काढायला धातूचा अतिपातळ थर असतो. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत आधीच अतिशय क्षीण झालेला असतो, हा थर त्यातलाही बराचसा गिळतो. खूण सोपी: काचेजवळ ठिपका भरकटतो, बाजूच्या खिडकीतून हात बाहेर काढला की लगेच जागेवर येतो. अशा काचेत आरशाच्या मागे बहुधा थर नसलेला एक पट्टा सोडलेला असतो. यंत्र त्याच्या जवळ न्या. जुन्या नेव्हिगेटरच्या पाठीवर रबरी झाकणाखाली बाहेरच्या अँटेनासाठी बारीक भोक असायचं, मोबाइलला ती सोय नाही. धातूचा थर असलेली काच आणि बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला जुना नेव्हिगेटर हातात असेल, तर निवड तिथेच संपू शकते.

वीज हा भाग मात्र बारकाईने बघा, कारण बहुतेक तक्रारी इथून सुरू होतात आणि नाव नकाशाचं होतं.

लाइटर सॉकेटमध्ये जाणारा प्लग एकदा उघडा. टोकाला खाचांची एक कडी असते, ती फिरवली की आतून धातूचं टोक, काचेचा छोटा फ्यूज आणि स्प्रिंग बाहेर येतात. फ्यूज सहसा २ अँपिअरचा असतो, त्याच्या टोपीवर आकडा कोरलेला असतो. गाडीच्या थरथरीने ही कडी हळूहळू सैल होते. मग एके दिवशी प्लग ओढला की टोक आणि फ्यूज सॉकेटमध्येच राहतात. ते काढायला किल्ली चालू असताना स्क्रूड्रायव्हर आत घातला, तर मधला बिंदू आणि बाजूची भिंत जोडली जाऊन गाडीचा फ्यूज उडतो. आधी किल्ली बंद करा आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा वापरा. महिन्यातून एकदा ती कडी बोटाने आवळली तर हे सगळं टळतं.

नेव्हिगेटरची एक मोठी सोय या प्लगमुळेच मिळते. किल्ली फिरवली की तो चालू होतो, किल्ली काढली की काही सेकंदांची उलटी मोजणी दाखवून बंद होतो. कुणीही गाडीत बसलं तरी तो तयार असतो. पण काही गाड्यांत सॉकेटला किल्ली काढल्यावरही वीज मिळत राहते. तिथे नेव्हिगेटर विसरलात आणि तो ०.३ अँपिअर खात राहिला, तर तीन दिवसांत २२ अँपिअर-तास जातात. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले जवळजवळ निम्मे. सोमवारी गाडी सुरू होत नाही तेव्हा कुणालाही नेव्हिगेटर आठवत नाही. किल्ली काढून पाच मिनिटं थांबा आणि पडदा अजून उजळ आहे का बघा, तेवढी चाचणी पुरे.

नेव्हिगेटरची केबलही जपून ठेवावी लागते. तिच्या जागी घरातली साधी यूएसबी केबल लावली तर अनेक नेव्हिगेटर समजतात की आपल्याला संगणकाला जोडलंय, आणि नकाशाऐवजी संगणकाचं चित्र दाखवून गप्प बसतात. काही मॉडेलांत रहदारीची बातमी पकडणारा रेडिओ रिसीव्हरही त्या केबलच्या गाठीतच असतो. केबल बदलली की कोंडीच्या सूचना बंद होतात आणि कारण सापडता सापडत नाही.

मोबाइलचा हिशेब वेगळा. पूर्ण उजेडाचा पडदा, जीपीएस आणि डेटा एकदम चालू असताना तो ३ ते ५ वॅट सहज खातो. गाडीच्या स्टिरिओवरचं साधं यूएसबी तोंड ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. चार्जिंगची खूण दिसत असते आणि बॅटरी उतरत असते, ती अशी. सॉकेटमध्ये किमान २ अँपिअरचा चार्जर लावा आणि केबल आखूड, जाड घ्या. केबलचा मुद्दा लोकांना पटत नाही, म्हणून आकडे देतो. २ मीटरच्या बारीक केबलमध्ये विजेच्या तारा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा जितका मोठा, तार तितकी बारीक), जाऊन-येऊन ४ मीटर तांबं. दर मीटरला साधारण ०.२१ ओहम धरले तर एकूण ०.८५ ओहम. २ अँपिअर ओढायला गेलं की १.७ व्होल्ट तारेतच मुरतात आणि मोबाइलच्या वाट्याला ३.३ उरतात. मग मोबाइल स्वतःच ओढ कमी करतो. तेच २४ गेजच्या १ मीटर केबलमध्ये नुकसान जेमतेम ०.३४ व्होल्ट. निघताना बॅटरीचा टक्का लिहून ठेवा, तासाभराने बघा. वर गेला नसेल तर चार्जर बदलण्याआधी केबल बदला.

उन्हात आणखी एक भानगड आहे. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या पुढे चार्ज करणं धोक्याचं, म्हणून मोबाइल स्वतःला आवरतो. आधी पडदा मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, शेवटी तापल्याची सूचना देऊन तो नकाशाच बंद करतो. भर दुपारी, नेमका उजेड जास्त हवा असतो तेव्हा. कव्हर काढा, वायरलेस चार्जिंग टाळा (त्याचीच उष्णता पुष्कळ), नकाशा आधी उतरवून घ्या म्हणजे डेटाचं काम कमी होईल. नेव्हिगेटरचं काम थोडं, त्यामुळे तो चालताना कमी तापतो. पण तो गाडीतच राहतो, आणि बंद गाडीत उन्हात रोज शिजून त्याची बॅटरी फुगते. चार-पाच वर्षांच्या नेव्हिगेटरची बॅटरी केबल काढल्यावर काही मिनिटंच टिकली तर नवल नाही. गाडीत त्याने अडत नाही. तो हातात घेऊन पायी घर शोधायचं मात्र विसरा.

ध्रुवीकरण करणारा (पोलराइज्ड) काळा चष्मा वापरत असाल तर तो घालून दोन्ही पडदे उभे आणि आडवे धरून बघा. एखादा पडदा एका दिशेने पार काळा दिसतो. दुकानात हे कुणी सांगत नाही.

नकाशांकडे येऊ. नेव्हिगेटरमध्ये सगळा प्रदेश आधीच भरलेला असतो. नेटवर्क असो नसो, वाट चुकलात की तो काही सेकंदांत नवी वाट काढतो. किंमत मोजावी लागते ती अद्ययावत करताना: काही जीबींची फाइल, संगणक किंवा वायफाय, दोन-तीन तास. जुन्या यंत्रात नवा नकाशा मावतच नाही, तेव्हा मायक्रोएसडी कार्ड घालून त्याचा अर्धा भाग तिकडे द्यावा लागतो. अपडेट चालू असताना केबल हलली तर यंत्र नकाशाच नसल्याचं सांगतं, म्हणून टेबलावर, पूर्ण चार्ज करून, आणि जुन्या फोल्डरची प्रत काढून मगच सुरुवात करावी. ‘आजीवन नकाशे’ या शब्दातलं आयुष्य यंत्राचं असतं, तुमचं नव्हे. कंपनीने त्या मॉडेलची मदत थांबवली की ते संपलं.

मोबाइलवर नकाशा रोज आपोआप ताजा होतो आणि कोंडी तर तोच उत्तम दाखवतो, कारण रस्त्यावरचे हजारो मोबाइलच त्याला वेग कळवत असतात. नेटवर्क गेलं की मात्र खरी परीक्षा. गूगल मॅप्सचा उतरवलेला नकाशा गाडीची वाट दाखवतो, पण रहदारी, पर्यायी रस्ते आणि लेनची सूचना गायब होते, पायी वाट तर मिळतच नाही. उतरवलेल्या नकाशाला मुदतही असते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारी ऑफलाइन अॅप्स यापेक्षा जास्त काम करतात. चाचणी अशी: घरीच विमान मोड लावा, जीपीएस चालू ठेवा, वीस-पंचवीस किलोमीटरवरचं एखादं गाव टाका, निघा आणि मुद्दाम दोनदा चुकीचं वळण घ्या. नवी वाट निघाली तर तुमचा मोबाइल पास.

पत्त्याऐवजी अक्षांश-रेखांश टाकायची वेळ आली तर लिहिण्याची पद्धत तपासा. २० अंश ३०.५०० मिनिटं हा आकडा २०.३०५०० अंश म्हणून टाकला की तुम्ही साडेबावीस किलोमीटर दुसरीकडे जाता. खरा आकडा २०.५०८३३ आहे. दोन्ही यंत्रांत सेटिंग्जमध्ये ही पद्धत बदलता येते आणि दोन्ही यंत्रं चूक निमूट स्वीकारतात.

वळणांची परीक्षा घ्यायला तीन जागा पुरतात: मोठा गोल चौक, उड्डाणपुलाखालचा समांतर रस्ता, बोगदा. चौकात ‘तिसऱ्या वाटेने बाहेर पडा’ हे वाक्य चौकात शिरायच्या आधी पूर्ण ऐकू आलं पाहिजे. मोबाइल ब्लूटूथवरून गाडीच्या स्पीकरला जोडलेला असेल तर जोडणी जागी होईपर्यंत पहिले एक-दोन शब्द खाल्ले जातात आणि ऐकू येतं नुसतं ‘...कडे वळा’. डावी की उजवी, तुम्हीच ठरवा. सेटिंगमध्ये सूचना ब्लूटूथवरून देणं बंद करून मोबाइलच्याच स्पीकरवर आणल्या की प्रश्न मिटतो. उड्डाणपुलाशी दोन्ही यंत्रं चुकतात, कारण उपग्रहांवरून काढलेली उंची जागेपेक्षा जास्त चुकते. पुलावर आहात की खाली हे कळत नाही. २०१८ पासून उपग्रहांच्या दोन फ्रीक्वेन्सी ऐकणारे मोबाइल निघालेत, ते उंच इमारतींमध्ये कमी भरकटतात, पण पूल त्यांनाही नीट उलगडत नाही. बोगद्यात दोघंही शेवटच्या वेगावरून अंदाज करतात. चाकाचा वेग वाचणारं, गाडीत कारखान्यातूनच बसवलेलं यंत्र तिथे सरस. काचेवरच्या नेव्हिगेटरकडून ती अपेक्षा ठेवू नका.

डोंगर चढणाऱ्यांचा हॅण्डहेल्ड, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र, हा तिसरा गडी. त्याचा पडदा बाहेरच्या उजेडावर चालतो, त्यामुळे कडक उन्हात मोबाइलपेक्षा स्वच्छ दिसतो. पाण्यापासून बचावाच्या आयपीएक्स७ प्रतीचा असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. दोन एए सेलवर दिवसभर आणि वर चालतो, सेल कुठेही मिळतात. मात्र सेलचा प्रकार सेटिंगमध्ये सांगावा लागतो, नाहीतर १.२ व्होल्टचे चार्ज होणारे सेल भरलेले असतानाही तो रिकामे दाखवतो. दुचाकीच्या हँडलवर खड्ड्यात सेल क्षणभर संपर्क सोडतात आणि यंत्र बंद पडतं. झाकणाच्या आत स्पंजचा पातळ तुकडा चिकटवायचा. गाडीत तो केविलवाणा वाटतो. पडदा अडीच-तीन इंची, बहुतेक मॉडेलं बोलत नाहीत, नुसती टिकटिक करतात, आणि मूळ नकाशात मोठे रस्तेच असतात. वाट काढू शकणारा नकाशा वेगळा भरावा लागतो. पायवाटेसाठी घेतलेला असेल तर गाडीत वापरा, गाडीसाठी म्हणून घेऊ नका.

मोबाइलचं दुचाकीवरही जरा जपून. अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की मोठ्या मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या यंत्रणेला बिघडवू शकते. कंपन शोषणारा होल्डर लावा, नाहीतर मोबाइल खिशात आणि सूचना कानात.

आठवडा संपला की उत्तर आपोआप दिसतं. ट्रक, बस किंवा कॅरव्हॅन असेल तर उंची, वजन, लांबी विचारून वाट काढणारा नेव्हिगेटर घ्या, इथे आम्ही वाद घालत नाही. नेहमीचा मोबाइल नकाशा कमी उंचीच्या पुलाखाली बिनधास्त पाठवतो. एकच गाडी चार जण आलटून पालटून चालवतात, किंवा कामाचे फोन सतत येतात आणि प्रत्येक वेळी नकाशा झाकला जातो, तिथेही नेव्हिगेटरच. गाड्या बदलत राहतात, उतरल्यावर पायी शोधायचं असतं, शहरातली कोंडी हीच रोजची डोकेदुखी आहे, तर मोबाइल. गाडीत त्याला स्टिरिओच्या पडद्यावर आणणारं कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो असेल तर नेव्हिगेटरचा विचारही करू नका, फक्त ती जाड केबल घ्या.

नेव्हिगेटर घेतलात तर रात्री गाडी सोडताना तो उचलाच, पण होल्डरही काढा आणि काचेवर राहिलेली कपची गोल खूण ओल्या फडक्याने पुसा. ती खूण बाहेरून स्पष्ट दिसते, आणि काच फोडणाऱ्याला तेवढीच पुरते. यंत्र आत आहे की घरी, हे तो आधी बघत बसत नाही.